नवा माणूस

मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर आहे, कुणीही हातभार लावावा असं. त्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी लिहिलेली माहिती सुधारायला आम्ही काही हौशी मंडळी रविवारी सकाळी कसबा बावड्यातल्या वाचनालयात जमायचो. नंतर कुणी पुण्याला गेलं, कुणी नुसतंच यायचं बंद झालं. उरलो मी, आणि कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून थेट येणारा तो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला पावणं म्हणायचा, तेवढ्यावर भागायचं.

बसला की तो आधी लॅपटॉपवर बसवलेलं ते सॉफ्टवेअर सगळं पुसून टाकायचा; सुधारलेली माहिती तेवढी इंटरनेटवर राहायची. मग काहीच येत नसल्यासारखा त्या माहितीच्या पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. "तुमचं स्वागत आहे," असं मोठ्यानं वाचायचा आणि स्वतःच "व्हय" म्हणायचा. पुढं जिथं अडेल तिथं बोट ठेवून माझ्याकडं बघत राहायचा. ते वाक्य मी बदललं की बोट उचलायचा.

एकदा मी वैतागलो. "अहो, सगळं तोंडपाठ आहे की तुम्हाला! दर वेळी कशाला पुसता?"

"नवा माणूस कुठं अडतोय ते नव्यालाच कळतंय की, पावणं," तो म्हणाला. "आन् नवा तर कोण येतच न्हाय. मग मीच हुतोय नवा."

गेले काही रविवार तो आलेला नाही. नंबर घ्यायचा राहून गेला. आज मीच सगळं पुसलं, "तुमचं स्वागत आहे" मोठ्यानं वाचलं, आणि "व्हय" ऐकू यायची वाट बघत बसलो.