जात्यातला सत्तेचाळीसचा पैसा

चंदर घरांवर पत्रे बसवायचा. नव्वदनंतर मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतली कौलं भराभर उतरू लागली, तसं त्याला काम मिळत गेलं. पत्र्याच्या बोल्टखाली लोखंडी चकती लागते, तिला चंदर वायसर म्हणायचा. त्याच्या खाकी पिशवीत तीन-चार मापांचे वायसर कायम असत. हाताला काम नसलं तरी तो पिशवी घेऊन गावोगाव हिंडे, कारण वायसरांच्या बदल्यात त्याला भोकाचे पैसे हवे असत.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने तांबं वाचवायला पैशाच्या मध्यभागाचीच कपात केली. पोकळ झालेल्या नाण्याची किंमत मात्र पैसाच राहिली. हे सरकारलाच जमतं. पुढे ते चलनातून गेलं. तोवर आमच्याकडच्या लोकांना त्यात नाणं दिसायचं बंद झालं होतं आणि आयता वायसर दिसू लागला होता. बैलगाडीची खीळ, दाराची कडी, छत्रीचं टोक, ट्रंकेची मूठ, अशा सगळ्या ठिकाणी भोकाचे पैसे नोकरीला लागले. चंदर ते सोडवायचा, त्या जागी नवा वायसर घालायचा, नीट बसलाय का ते हलवून बघायचा आणि मगच पैसा खिशात टाकायचा. घरी ते सुतळीत ओवताना प्रत्येकाला चिठ्ठी बांधायचा: 'उंबरमाळी, गणूच्या गाडीचं चाक.'

"लोकांचे नवरे सोनं जमवतात," त्याची बायको रंभा म्हणायची. "माझा वायसर जमवतो."

"अगो, सोनं काय करतं? पेटीत बसून राहतं. ह्यांनी पन्नास वर्षं काम केलंय."

लोक जुनी नाणी का जमवतात, यावर कल्याणच्या एका मास्तरांनी त्याला राजे, टांकसाळी आणि इतिहास असं बरंच ऐकवलं होतं. चंदरने मान डोलावली आणि मास्तरांच्या छत्रीचं टोक तपासलं.

त्रेचाळीस ते शेहेचाळीस सालचे पैसे त्याच्याकडे रग्गड होते. सत्तेचाळीसचा एकही नव्हता. इंग्रजांनी जाता जाता पाडलेला तो शेवटचा. त्याच्यापायी चंदरने सात-आठ वर्षं लोकांची दारं हलवून पाहिली.

१९९८च्या मार्गशीर्षात तो शेणव्याला महेंद्रच्या घरावर पत्रे टाकत होता. खाली अंगणात महेंद्रची आई सोनूबाई उडीद भरडत होती. जात्याचा आवाज त्याला वेगळा वाटला. तो शिडीवरून उतरला.

"आजी, दगडाखाली काय घातलंय?"

"पैसा. आमच्या ह्यांनी घातलाय. पीठ होऊ नये म्हणून."

जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खिळा असतो, त्यावर वरचा दगड फिरतो. खिळ्यात पैसा ओवला की वरचा दगड तेवढाच उचलला जातो आणि उडदाचं पीठ न होता डाळ पडते. चंदरने दगड उचलला, पैसा काढून शर्टाला पुसला. मुकुट पुसट होता, साल त्याहून पुसट. उन्हात तिरका धरल्यावर शेवटचा आकडा दिसला. सात. चंदरने लगेच वायसरच्या बदल्यात तो मागितला.

"ने की मग," सोनूबाई म्हणाली. "पन माझी डाळ पडली पायजे."

त्याने जाड वायसर घातला. उडीद अख्खे बाहेर आले. पातळ घातला, पीठ झालं. दोन पातळ घातले. दगड डुलायला लागला. शेवटी पिशवीतला त्रेचाळीसचा पैसा घातला, तोही लागू पडेना. इतक्या वर्षांत तो खिळा, तो दगड आणि तो एक पैसा घासून घासून एकमेकांच्या मापाचे झाले होते.

"शेरभर उडदाची माती केलीस रे! म्हशीला घालू काय आता?"

"चंदरभाऊ," वरून महेंद्र ओरडला, "पत्रे कोन ठोकणार? ऊन उतरलं!"

सोनूबाईने जात्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "ने रे बाबा. मी चिंधी गुंडाळीन खिळ्याला."

चंदरने पैसा खिळ्यात परत घातला, दगड बसवला आणि मूठभर उडीद टाकून स्वतः जातं ओढलं. डाळ पडली, सरळ दोन फाकांची.

"नको आजी," तो म्हणाला. "ह्याला बदली मिळत नाय."

२००५ साली महेंद्रची बायको रश्मी हिने मिक्सर आणला. सोनूबाईने जीपवाल्याकडे निरोप धाडला, 'पैसा रिटायर झाला, न्यायला ये.' चंदर दुसऱ्याच दिवशी हजर. पैसा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झाला होता. उन्हात कसाही धरला तरी काही दिसेना.

"साल कुठं गेलं रे?"

"डाळीत गेलं, आजी."

"म्हंजे आमीच खाल्लं." ती हसली, मग ओशाळली. "आता हा सत्तेचाळीसचा कोन मानील? तवाच न्यायचा होतास."

"तवा नेला असता तर सात वर्षं तुमी पीठ खाल्लं असतंत."

त्याने पैसा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. रश्मीने जेवून जायचा आग्रह केला आणि पानं वाढली. डाळ मिक्सरमधली होती, तिचं पार पीठ झालं होतं. सोनूबाई आणि चंदर दोघांनीही ती बोटांनी निपटून खाल्ली.