हिराबाईंचं हक्कसोडपत्र

"बहिनीची सही घ्यायचीय मॅडम. पाच मिन्टांचं काम हाय," असं म्हणत काशिनाथ म्हात्रे माझ्या केबिनमध्ये शिरले. मागोमाग त्यांची बायको सुगंधाताई, मुलगा रूपेश आणि सगळ्यात शेवटी बहीण, हिराबाई. टेबलासमोर खुर्च्या तीनच. तिघं बसले. जिच्या सहीसाठी हा लवाजमा आला होता ती बाई फायलींच्या कपाटाला टेकून उभी राहिली. मी बाहेरून स्टूल मागवलं.

पाच मिनिटांचं काम घेऊन आलेली माणसं पाहिली की माझं डोकं आधीच तापतं. कामोठ्यात माझं ऑफिस आहे. वारसा, मृत्युपत्र, फ्लॅट, सोसायटीची भांडणं हेच माझं रोजचं काम. त्यातलं पाच मिनिटांत झालेलं एकही मला आठवत नाही.

प्रकरण साधं होतं. तुर्भ्याच्या बाजूला गावठाणात म्हात्र्यांचं घर होतं. ते वडिलांच्या नावावर. आई आधीच गेलेली, मग वडीलही गेले. मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे मुलगा आणि मुलगी, दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. आता ते घर पाडून बिल्डर तिथे बिल्डिंग बांधणार होता आणि घराच्या बदल्यात दोन फ्लॅट देणार होता. एक टू बीएचके आणि एक लहान, खोली-किचनचा. बिल्डरच्या वकिलाने सांगितलं होतं, बहिणीचं हक्कसोडपत्र आणा, मग अॅग्रीमेंट करू. म्हणजे सगळी भानगड एका माणसाशी.

हक्कसोडपत्र म्हणजे सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला सोडून देणं. एकदा ते रजिस्टर झालं की विषय संपला. नंतर पश्चात्ताप झाला तरी तो स्वतःजवळच ठेवायचा. आपल्याकडे बहिणी हे फार सहज करतात. भाऊ चांगली साडी घेतो, रजिस्टर ऑफिसच्या बाहेर फोटो निघतो, मग सगळे जेवायला जातात. बेकायदा त्यात काहीच नाही. बहुतेक बहिणींना दुसरीकडे स्वतःचं घरही असतं.

हिराबाईंना नव्हतं. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी विचारलं नाही. तेव्हापासून त्या माहेरीच. ज्या घरातला हिस्सा सोडायला त्या आल्या होत्या, त्याशिवाय त्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं.

माझा एक नियम आहे. जो सोडतोय त्याच्याशी मी एकटीने बोलते. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं.

"मंजे? आमी काय चोर हाव?" काशिनाथ भडकले.

"नाही हो. तुमच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तरी त्यालाही बाहेरच बसवलं असतं."

तणतणत का होईना, गेले.

"सही कशावर करताय ते माहीत आहे?" मी हिराबाईंना विचारलं.

"माझा हिस्सा दादूसला."

"राहणार कुठे?"

"दादूसकडंच."

"आणि दादूसनंतर?"

त्या बंद दाराकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मागा की तुमचा हिस्सा. कायद्याने तुमचाच आहे."

"हिस्सा मागतला की माहेर तुटतं मॅडम."

"पण तुम्ही तर माहेरीच राहता."

"म्हनून तर मागता येत नाय. दुसरी बहीन भांडेल न् आपल्या घरी निंगून जाईल. मना भांडून त्याच घरात जेवाला बसाचंय."

वाईट वाटलं, आणि रागही आला. नेमका कोणाचा, ते सांगता येत नाही.

काशिनाथना आत बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं, "हा कागद मी असा करणार नाही. लहान फ्लॅट त्यांच्या नावावर करा. नाहीतर निदान मरेपर्यंत राहण्याचा हक्क तरी लिहून द्या."

"मी काय तिला रस्त्यावर टाकनार हाय? माझी सख्खी बहीन हाय ती!"

"तुम्ही नाही टाकणार. पण लहान फ्लॅटचं काय करणार आहात?"

"भाड्यानं देनार."

"मग मोठ्या फ्लॅटमध्ये तुम्ही, वहिनी, रूपेश आणि हिराबाई. उद्या रूपेशची बायको येईल. तिला खोली लागली की आधी कोणाची गादी हॉलमध्ये येईल?"

रूपेश मोबाइलमध्ये बघायला लागला. काशिनाथ उठले. "तिनं सोताहून सोडलाय. तुमी तिच्या डोक्यात कायबाय भरवू नका. नवी मुंबईत वकील काय तुमी एकल्याच हाव?"

गेले. मी समजले, पाखरू उडालं. दुसरा कोणी वकील करून देईल आणि त्याचीही चूक म्हणता येणार नाही. बाई सज्ञान आहे, स्वतः सही करतेय, मग कोण अडवणार?

चार-पाच दिवसांनी सुगंधाताई एकट्याच आल्या. त्या दिवशी केबिनमध्ये या बाई चकार शब्द बोलल्या नव्हत्या. मी त्यांना मनातल्या मनात नवऱ्याच्या पक्षात टाकून मोकळी झाले होते.

"मॅडम, ती लहान खोली हिरीच्या नावावर कराची तर काय काय लागंल?"

मी चाट पडले. "तुमची इच्छा आहे?"

"मंग? लगीन होऊन आले तवापासून आमी दोघी एका किचनमंदी हाव. मी मीठ टाकलं की ती चाखून परत टाकते. मी डबे लावले की ती फिरवते. मी काय बोलले नाय कवा, बिचारीला कोन नाय म्हनून. आता देवानं दोन किचन दिलेत, तर यांना एक भाड्यानं द्याचंय! न् उद्या सून आली की? एका किचनमंदी तीन बायका? मना नाय जमनार."

"काशिनाथभाऊ ऐकतील?"

"ऐकतील ना. जेवाला घरीच येतात ते."

त्यानंतर काही दिवसांनी काशिनाथ आले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा गंभीर. म्हणाले, "मॅडम, मी लय इचार केला. बहिनीचा हक्क बहिनीला द्याला पायजे. आमच्यात असंच असतं." मी मान डोलावली. हसू आवरायला टेबलावरची फाइल उघडली, ती दुसऱ्याच कोणाची तरी होती.

मग हक्कसोडपत्र झालंच नाही. बिल्डरच्या अॅग्रीमेंटमध्ये बहीण-भाऊ दोघांची नावं घातली आणि स्पष्ट लिहून घेतलं, मोठा फ्लॅट काशिनाथचा, लहान एकट्या हिराबाईंचा. बिल्डरच्या वकिलाने थोडी कुरकुर केली. दोघंही सही करायला तयार आहेत म्हटल्यावर तोही गप्प बसला.

रजिस्ट्रेशन झालं आणि सगळे बाहेर बाकावर बसलो. हिराबाईंनी विचारलं, "मॅडम, माझ्यामागं ही खोली रूपेशला द्याची तर?"

काशिनाथचा चेहरा एकदम खुलला.

मी म्हटलं, "मृत्युपत्र करायचं. दोन साक्षीदार लागतात. तुम्ही आहात तोवर फ्लॅट तुमचाच, तुमच्यामागे रूपेशचा. आणि मधे मन बदललं, तर मृत्युपत्रही बदलता येतं."

"बदलता येतं?"

"हवं तितक्या वेळा."

"कोनाला इचारावं लागतं?"

"कोणालाही नाही."

हिराबाईंनी पदर सारखा केला. "ते जरा यांना पन सांगा. मोठ्यानं."

मी सांगितलं. रूपेश उठला आणि आत्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला.

हक्कसोडाचं काम घेऊन घरची मंडळी आली, की आता मी भावाला न्याय-अन्याय समजावत बसत नाही. वेळ जातो आणि त्याचा इगो दुखावतो. मी वहिनीला चहा देते आणि विचारते, नव्या घरात किचन किती आहेत?