ढोलाशिवाय पहिला दिवस

माझं माहेर पालघर जिल्ह्यातल्या दांडीचं. समुद्राला लागून असलेल्या आमच्या गावात माणसं हळू बोलत नाहीत. वाऱ्याच्या वर आवाज चढवूनच बोलायचं, ही लहानपणापासूनची सवय. शेजारणीकडे विरजण मागायला गेलो तरी बाहेरच्याला वाटतं, आता झिंज्या उपटणार. लग्न होऊन मी बोईसरला आले तेव्हा नवरा सारखा विचारायचा, "माझ्यावर चिडलीस का?" तो जळगावकडचा, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, बोलणं अगदी मऊ. मी सांगायचे, "चिडले की कळेल." पुढे ते त्याला नीट कळलं.

अशा आवाजी बाईच्या पोटी आवाज न सोसणारी लेक आली. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून ती पलंगाखाली शिरायची. खालून एखादी वरात गेली की नंतर कितीतरी वेळ तिचं रडणं थांबायचं नाही. स्वतः मात्र एक शब्द बोलत नव्हती. अडीच वर्षांची होत आली तरी आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. तहान लागली की माझं मनगट धरून मला माठापाशी न्यायची आणि माझा हात पेल्यावर ठेवायची. गरम भांडं उचलायला सांडशी वापरावी तसा ती माझा हात वापरायची.

याचं कारण आमच्या सगळ्यांकडे तयार होतं. घरात नवऱ्याची खानदेशी वळणाची मराठी, माझी किनाऱ्यावरची, जिन्यात उत्तरेकडून आलेल्या शेजाऱ्यांची हिंदी आणि मोबाइलवर इंग्रजी गाणी. माझी आई म्हणायची, "बापाची भाषा एक, तुजी दुसरी, शेजारनीची तिसरी. पोरीनं बोलावं तरी कंच्या भाषेत? बोलंल हलूहलू." जळगावहून सासूबाईही फोनवर हेच सांगायच्या. बोईसर-तारापूरकडे हे कारण फार चालतं, कारण इथे निम्मी माणसं कुठून ना कुठून आलेली असतात. दोन घरांचं कशावरही एकमत न होणाऱ्या आमच्या संसारात या एका गोष्टीवर मात्र पक्कं एकमत होतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग एकदा मी माहेरी असताना अंगणवाडीत लहान मुलांच्या तपासणीची सरकारी गाडी आली. आईनं नातीला न्हाऊमाखू घातलं, नजर लागू नये म्हणून गालावर भलंमोठं तीट लावलं आणि घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. तपासायला एक तरुण डॉक्टरीण होती. वजन, उंची, डोळे, कान झाले. मग तिनं लेकीला नावानं हाक मारली. लेक खिडकीच्या गजावरून बोट फिरवत राहिली.

"हाकेला बघत नाही का?" तिनं विचारलं.

मी आमचं ठेवणीतलं उत्तर दिलं. "मॅडम, घरात तीन भाषा आहेत. गोंधळते ती."

"बरं. आवडीची वस्तू दिसली की बोट करून दाखवते का? चिमणी, विमान, काहीही?"

"नाही. सांगितलं ना, भाषांचा..."

"ताई," ती म्हणाली, "बोट कुठल्या भाषेत दाखवतात?"

आईनं गजावरून फिरणाऱ्या नातीच्या बोटाकडे पाहिलं. माझं डोकं फिरलं आणि मी म्हटलं, "पाच मिनिटांत तुम्ही माझ्या पोरीला ठपका लावणार?" डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, "ठपका नाही लावत. मी फक्त चाळते आहे. चाळणीत वर राहिलं म्हणजे तो खडाच असतो, असं नाही. पण हातात घेऊन बघावं लागतं. ते पालघरच्या सरकारी दवाखान्यात बघतील. आणि आत्ताच जा. 'बोलेल हळूहळू' म्हणत शाळेच्या वयापर्यंत थांबू नका."

नवऱ्यानं सुट्टी घेतली, आईला घेऊन आम्ही पालघरला गेलो. तिथे तिला खेळवलं, आम्हाला खोदून खोदून विचारलं, पुन्हा बोलावलं. शेवटी सांगितलं, स्वमग्नता. ऑटिझम. तोवर नातेवाइकांनी आपापले शोध लावले होते. कुणी म्हणालं कारखान्यांचा धूर, कुणी म्हणालं लस, कुणी म्हणालं ग्रहणात बाहेर पडली असेल. मी मात्र मनात धरून होते की हे माझ्याच आरडाओरड्यानं झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी तसं विचारलंच. ते म्हणाले, "हिचा मेंदू पहिल्यापासून वेगळ्या रीतीनं घडलाय. तो तसा का घडतो, यावर संशोधन अजून चालू आहे, सगळं आम्हालाही माहीत नाही. पण लसीमुळे नाही, ग्रहणामुळे नाही, आणि आईच्या तोंडामुळे तर अजिबात नाही." मी तिथेच रडले. दुःखाचं कमी होतं, सुटकेचं जास्त होतं.

तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या ताईंनी आम्हाला घरी करायचा अभ्यास दिला. बोलायला शिकवण्याआधी पाळी पाळायला शिकवा, त्या म्हणाल्या. एकदा तुम्ही, एकदा ती. तुमची पाळी झाली की थांबायचं, ती स्वतःहून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबायचं. मी बाजारातून चित्रांची कार्डं आणली, रंगीत चेंडू आणला. लेकीनं कार्डं फरशीच्या रेघेवर ओळीनं लावली आणि माझ्याकडे पाठ केली. चेंडू कपाटाखाली गेला तो गेला. पालथ्या घड्यावर पाणी. असा हिवाळा सरला.

सुट्टीत आम्ही दांडीला गेलो तेव्हा बोंबील वाळवायचे दिवस होते. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. आई भराभरा जोड्या टाकत होती आणि लेक बाजूला उभी राहून टक लावून बघत होती. रांगेत लावलेलं काहीही तिला आवडतंच. मला ताईंचं बोलणं आठवलं. मी आईला म्हटलं, "थांब. एक तू धर, दुसरा तिच्याकडून घे."

"वास मारंल पोरीच्या हाताला."

"मारू दे."

आईनं एक बोंबील पुढे धरला आणि थांबली. माझ्या आईचं थांबणं ही सोपी गोष्ट नव्हे, ती रेशनच्या रांगेतसुद्धा थांबत नाही. लेकीनं आधी दोरीकडे पाहिलं, मग टोपलीकडे. टोपलीतून एक बोंबील उचलला, आजीच्या बोंबलात अडकवायला गेली, जमेना, आणि तिनं मान वर करून आजीच्या तोंडाकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत. आईनं जबडा उघडून दिला, जोडी दोरीवर पडली. मग दुसरी. मग तिसरी. अंधारून येईपर्यंत त्या दोघी जोड्या टाकत होत्या. मी मोबाइलवर ते टिपून पालघरच्या ताईंना दाखवलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, हेच! मला हेच हवं होतं!" म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

पुढच्या हंगामात एका दुपारी लेकीनं होडीकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. बघ, होडी. शब्द नव्हते, पण सांगणं पूर्ण होतं. मला इतका आनंद झाला की मी किनाऱ्यावर बोंब ठोकली आणि तिनं लगेच कान झाकून घेतले. शब्द नंतर आले, थोडे थोडे. पाणी. होडी. नको. 'नको' तर तिला फार आवडला. तो आईकडून घेतला असणार, म्हणजे माझ्याकडून.

ती सहाची झाली आणि शाळेचा प्रश्न आला. बोईसरच्या एका शाळेनं गोड बोलून वाटेला लावलं, "तुमच्या मुलीसाठी खास शाळा बघा ना." खास शाळा आमच्यापासून इतकी लांब की पोरीचं बालपण प्रवासात जावं. शेवटी आम्ही ठरवलं, मी आणि लेक दांडीला राहू, नवरा तिथूनच मोटारसायकलनं कामावर जाईल, लेक गावच्या सरकारी शाळेत जाईल. मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "ताई, प्रवेश मी नाकारू शकत नाही, कायदाच तसा आहे आणि नाकारायची माझी इच्छाही नाही. आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका येतील. पण खरं सांगा, राहील का ती?"

प्रश्न खरा होता. आदल्या वर्षी बोईसरच्या आमच्या अंगणवाडीच्या झेंडावंदनाला स्पीकर दणाणला होता. त्या दिवसापासून लेक अंगणवाडीच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हती. खाऊ दाखवला, उचलून नेलं, सगळं करून झालं. एकदा एखादी जागा तिच्या मनातून उतरली की उतरली. आणि शाळेचा पहिला दिवस म्हणजे आमच्याकडे प्रवेशोत्सव! नव्या मुलांना फुगे, फुलं आणि गावभर ढोल-ताशाची मिरवणूक. तो ढोल शाळेच्या फाटकाशी वाजला की माझ्या लेकीची शाळा त्याच दिवशी संपणार होती, आणि दुसरी शाळा आम्हाला नव्हती.

"ढोल नको, सर," मी म्हटलं.

"ताई, सूचनाच आहे. मुलांचं स्वागत वाजतगाजत करायचं."

"आणि सगळ्या मुलांना सामावून घ्या, ही सूचना कुणाची? शेजारच्या देशाची?"

सर हसले, पण म्हणाले, गावाला तुम्ही सांगा. शाळेच्या सभेत मी सांगितलं. ढोलवाली पोरं भडकली. त्यांच्यातल्या एकाचा बाप म्हणाला, "एका पोरीसाटी अख्ख्या गावचा सण बंद?" माझी जीभ सुटायच्या आत आई उठली. मासळी विकून विकून तिचा आवाज असा झालाय की सभेला माइक लागला नाही.

"तुजा पोरगा पान्याला घाबरत व्हता तवा त्याला कोनी ढकलला का समुद्रात?" ती त्याला म्हणाली. "नाय ना? हलूहलू नेला. आज तो होडीवर जातो. माज्या नातीला आवाज तसाच लागतो. तिच्या डोक्यात आपला ढोल आपल्याहून दसपट वाजतो. डाक्टरांनी आमाला सांगितलाय, मी तुमाला सांगते. हा रोग नाय, वेड नाय, कोनाचा शाप नाय. ती अशीच हाय. आनि ती शालेत जानार हाय."

आईनं पदर खोचला आणि खाली बसली. मी तिच्याकडे बघतच राहिले. पालघरला जाताना जिनं "लोकांना काय सांगू गं" म्हणून वाटभर कपाळ धरलं होतं, ती ही बाई.

मग आमच्या गल्लीतले म्हातारे तांडेल बोलले. आयुष्यभर त्यांनी होडी चालवलेली. "होडीवर इंजिनाच्या आवाजात कोनाचा शब्द कोनाला आयकू येतो?" ते म्हणाले. "आमी हातानंच बोलतो. हात वर करून आत ओढला का 'या'. तसाच बोलवू पोरांना. मासेमारी बंदीचे दिवस हायत, सगले गडी गावातच असनार." ढोलवाल्या पोरांनाही ते पटलं. होडीवरच्या खुणा लहान पोरांना शिकवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं आणि ते इतकं मनावर घेतलं की आठवडाभर गावातली पोरं दुकानात बिस्किटंसुद्धा खुणांनी मागत होती.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. लेकीला मी नवा गणवेश घातला. घराबाहेर आलो आणि मी थबकले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. जाळी विणायची सोडून आलेले पुरुष, टोपल्या खाली ठेवलेल्या बायका, कडेवरची पोरं. आमचं दांडी, जिथे दोन माणसं एकत्र आली की कालवा होतो, ते गाव तोंड मिटून उभं होतं. एक जण शिंकला तर बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढची शिंक गिळली. समुद्राचा आवाज तेवढा येत होता, आणि त्याची लेकीला सवय होती.

तिचे हात कानांवर होते. दोन घरं ओलांडली तरी काही वाजलं नाही. तिनं एक हात खाली घेतला. पुढच्या वळणावर दुसरा. फुलांच्या तोरणाखाली तांडेल उभे होते. त्यांनी हात उंच केला आणि आत ओढला. मग शाळेपर्यंतच्या रांगेतले सगळे हात वर गेले आणि आत आले. या. या. या. लेक त्या हातांकडे बघत चालत राहिली. रांगेत उभं केलेलं तिला आवडतंच! माझा हात तिनं कधी सोडला, मला कळलंसुद्धा नाही.

फाटकातून ती एकटी आत गेली. पायरी चढून वर्गाच्या दारात पोचली आणि वळली. मला वाटलं, आता परत येणार. फाटकाशी पहिलीची बाकीची नवी मुलं घोळका करून उभी होती. त्यांतली दोन तर आयांना बिलगून मुसमुसत होती. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं हात वर केला, जमेल तेवढा उंच, आणि आत ओढला.

या.

मुलं तिच्या मागोमाग वर्गात गेली.

आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि नवरा भर रस्त्यात दोन्ही हात वर करून उभा होता, खाली घ्यायचे असतात हे विसरून. मुख्याध्यापक माझ्या शेजारी येऊन थांबले. मला त्या क्षणी दांडीपासून पालघरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. मी अगदी हळू म्हटलं, "राहील ती, सर."