समिधा दीदींचे मिस्टर

शैलेंद्र डहाके माझा मावसभाऊ. जबलपूरला विजय नगरात राहतो. ही गोष्ट त्यानेच मला सांगितली आणि लिहायला हरकत नाही असंही तोच म्हणाला. अट एकच घातली, की त्यात त्याला चांगलं दाखवायचं नाही.

बावीस वर्षं तो औषध कंपनीचा माणूस आहे, म्हणजे एमआर. डॉक्टरांकडे जायचं, कंपनीच्या औषधांचे गुण सांगायचे, नमुने द्यायचे. जबलपूर, मंडला, सिवनी, नरसिंहपूर एवढा इलाखा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, काळी बॅग. एके काळी डॉक्टर त्याला नावाने हाक मारून आत बोलवत. लग्नकार्यात आम्ही नातेवाईक आपापली दुखणी घेऊन त्याच्याभोवती जमायचो आणि तो सांगायचा, हे घे, ते बंद कर. औषधांतलं कळतं ते शैलेंद्रला, असं आम्ही सगळे धरूनच चालत होतो.

खरं तर औषधांचं शिक्षण त्याच्या बायकोचं. शैलेंद्र बी.कॉम. समिधा वर्ध्याची, फार्मसीचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. लग्न झालं, अवंतिका झाली, सासूबाईंचं आजारपण आलं, आणि ते सर्टिफिकेट कपाटात गेलं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

अवंतिका शिकायला इंदूरला गेली तेव्हा समिधाने विजय नगरातच जेनेरिक औषधांच्या दुकानात नोकरी धरली. जेनेरिक म्हणजे औषध तेच, त्यावर कंपनीचं गाजलेलं नाव नाही आणि त्या नावापायी होणारा खर्चही नाही. बीपीच्या ज्या दहा गोळ्या शैलेंद्रच्या कंपनीच्या पट्टीत एकशे वीस रुपयांना, त्या तिच्या दुकानात अठराला. शैलेंद्र हसला होता. "कर, वेळ जाईल तुझा," म्हणाला होता. दुकानाचे मालक म्हातारे होते. वर्षभरात त्यांनी सगळा कारभार समिधावर सोपवला.

पुढच्या संक्रांतीला दोघं नर्मदेकाठी तिलवाऱ्याच्या जत्रेला गेले. घाटावर एक बाई गर्दीतून वाट काढत आल्या, समिधाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "दीदी, आपकी वजह से मेरी दवा चल रही है. नहीं तो छूट ही गई थी." मग शैलेंद्रकडे वळून म्हणाल्या, "अच्छा, आप दीदी के मिस्टर हैं?"

तो हसून हो म्हणाला. पण मला सांगताना त्याने वर्ष आणि वेळसुद्धा सांगितली. "बावीस वर्षं या शहरात फिरून राहिलो मी," तो म्हणाला, "मला काही नाव नाही का?"

त्यानंतर तो मोजायला लागला. बाजारात तिला किती जण नमस्कार करतात, आपल्याला किती. भाजीवाला तिला मूठभर कोथिंबीर जास्त घालतो तीसुद्धा त्याला दिसू लागली. त्याच दिवसांत त्याचं काम उतरणीला लागलं होतं. डॉक्टर दोन-दोन तास बाहेर बसवत. काहींनी एमआरसाठी आठवड्यातला एकच दिवस ठेवला. रोग्यांच्या बाकावर टोकाला बसून तो वाट पाहायचा, आणि शेजारचे रोगी आपसांत बोलायचे की विजय नगरात एक मराठी दीदी आहेत, त्यांच्याकडे हीच गोळी स्वस्त मिळते. संध्याकाळी घरी येताना तो मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने यायचा. तिच्या दुकानासमोरची रांग बघावी लागू नये म्हणून.

घरात त्याने तिला यातलं काही म्हटलं नाही. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं, फोनवर फार बोलतेस म्हटलं.

मग त्याच्या वडिलांची गोष्ट झाली. रामकृष्णकाका फॅक्टरीतून निवृत्त झालेले, बीपीचा जुना त्रास. दर महिन्याला शैलेंद्र त्यांना कंपनीच्या नमुन्याच्या पट्ट्या आणून देई, फुकट. एकदा काकांच्या खोलीत तो चष्म्याचं घर शोधत होता. खालच्या खणात त्याने आणून दिलेल्या सगळ्या पट्ट्या जशाच्या तशा रबर लावून ठेवलेल्या सापडल्या. आठ महिन्यांच्या.

"बाबा, हे काय? गोळ्या काहून नाही घेत?"

"घेतो ना. समिधाच्या दुकानातल्या घेतो." काका जरा ओशाळले. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही रे."

"माझ्या फुकटच्या सोडून?"

"ती दर सोमवारी पट्टा बांधून बीपी मोजते, लिहून ठेवते. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, चालू ठेवा." खण बंद करत काका म्हणाले, "तू पट्टी टेबलावर ठेवून जातोस, बापा."

शैलेंद्र सांगतो, जेवताना त्याने समिधाकडे पाहिलं. ती काकांना पोळी वाढत होती, आणि त्याला तिचा इतका राग आला की हातातला घास त्याने परत ताटात टाकला. तिची काही चूक असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

यानंतर पंधरा दिवसांनी तो कामासाठी धरणाजवळच्या बरगीला गेला. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर मुन्नालाल बर्मन नावाचा माणूस शेजारी येऊन बसला. धरणात मासेमारी करणारा, पन्नाशीचा. काळी बॅग पाहून त्याने खिशातून एक पट्टी काढली आणि विचारलं, "साहब, आप दवाई वाले हैं ना? देखिए, बीपी की यह ठीक है? जबलपुर से लाते हैं. विजय नगर में दीदी हैं, बहुत भली हैं. बिठाकर समझाती हैं."

पट्टी समिधाच्या दुकानातली होती. पाठीमागे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, सुबह एक.

शैलेंद्रला त्या गोळीची पूर्ण माहिती होती. त्याच्या स्वतःच्या कंपनीचा माल ज्या कारखान्यात बनतो, त्याच कारखान्यात अशा साध्या वेष्टनातल्या गोळ्याही बनतात. प्रशिक्षणाच्या वेळी त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मुन्नालालने फक्त "ठीक है?" एवढंच विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, असं तो सांगतो. पण मुन्नालाल म्हणाला होता, बहुत भली हैं.

शैलेंद्रने पट्टी उलटसुलट केली, ओठ जरा मुडपले आणि म्हणाला, "ठीक है भैया. पर सस्ती में ताकत कम होती है. बीपी का मामला है, अपना सोच लो." आणि कागदावर आपल्या कंपनीच्या गोळीचं नाव लिहून दिलं.

मोटरसायकलवरून परतताना त्याला हलकं वाटत होतं. तिलवाऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत तो गुणगुणत होता. हेही मी लिहावं असं त्याने सांगितलं.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, समिधा दुकान मदतनीस बाईवर सोडून घरी आली. शैलेंद्र नुकताच जेवून उठला होता. तिने चप्पलही काढली नाही.

"तुम्ही बरगीत कोणाला काही सांगितलं होतं काय? माझ्या औषधांबद्दल?"

"मी? कोणाला?"

"मुन्नालाल बर्मन. त्याची बायको आली होती. ताकतवाली गोळी द्या म्हणे, पण स्वस्तात. मी विचारलं, कोण म्हणालं असं? तर म्हणे चष्मेवाले साहेब, काळी बॅग, बोली मराठी वळणाची."

"अशा बॅगा शंभर जण घेऊन फिरतात."

"कागद आहे तिच्याजवळ. अक्षर ओळखते मी तुमचं."

मग तिने बाकीचं सांगितलं. मुन्नालालने तिच्या गोळ्या बंद केल्या, शैलेंद्रने लिहून दिलेल्या घेतल्या. त्या रोज घेणं परवडेना, म्हणून दिवसाआड घ्यायला लागला, कधी दोन दिवस सोडून. आठवड्यापूर्वी सकाळी नावेत चढताना कोसळला. जीव वाचला. डावा हात मात्र उचलत नाही. डॉक्टर म्हणाले होते की गोळ्या रोज घेतल्या असत्या तर हे टळलंच असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. या वाक्याचा आधार घ्यायचा प्रयत्न शैलेंद्रने पुढे बरेच दिवस केला. तो त्याला पुरला नाही.

त्या दुपारी मात्र तो ओरडला. "तू मोठी देवी झाली ना! सगळ्या शहराची दीदी! बाबासुद्धा तुझे. मी कोण आहे या घरात?"

समिधा खुर्चीवर बसली. तिला हे माहीतच नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एवढं होतं तर मला बोलायचं होतं," ती म्हणाली. "मला शिव्या द्यायच्या होत्या. त्या माणसाला काहून?"

शैलेंद्रने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"आता खरं काय ते तुम्हीच जाऊन त्याला सांगा. मी नाही येणार सोबत." ती उठली आणि दुकानावर परत गेली.

रविवारी तो बरगीला गेला. समिधाच्या दुकानातून रांगेत उभं राहून त्याने महिन्याच्या गोळ्या विकत घेतल्या होत्या. तिने इतर गिऱ्हाइकांसारख्याच त्या पिशवीत घालून दिल्या.

मुन्नालाल अंगणात खाटेवर बसला होता. उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम. बायको बाजूला तांदूळ निवडत होती. शैलेंद्र उभ्यानेच म्हणाला, "मैंने आपको गलत कहा था. दोनों दवाई एक ही हैं. ताकत बराबर है. यह वाली रोज लीजिए."

मुन्नालालने मान हलवली. "आपने तो भले के लिए कहा था, साहब."

शैलेंद्रला तिथून निघता आलं असतं. तो वळलाही होता. तेवढ्यात मुन्नालाल म्हणाला, "दीदी नहीं आईं? दीदी आतीं तो अच्छा लगता."

शैलेंद्र मला म्हणाला, "तुला सांगतो, त्या माणसाचा हात तसा लुळा पडलेला दिसून राहिला होता, आणि तरी मला पुन्हा तिचा हेवा वाटला. तिथं उभं राहून. तेव्हा मला माझी भीती वाटली."

तो परत फिरला. "दीदी मेरी पत्नी हैं," तो म्हणाला. "लोग उनकी तारीफ करते थे, मुझसे देखा नहीं जाता था. इसलिए कहा था आपसे. भले के लिए नहीं कहा था."

मुन्नालालचा बोटं उघडणारा उजवा हात थांबला. त्याची बायको उठली, शैलेंद्रच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "दवाई दे दी ना. अब आप जाइए."

तो गेला.

समिधाला त्याने सगळं सांगितलं, मुन्नालालच्या बायकोचं शेवटचं वाक्यही. तिने "बरं" म्हटलं. पुढचे तीन-चार महिने घरात कामापुरतंच बोलणं झालं. दर महिन्याला तो बरगीला गोळ्या पोचवतो. मुन्नालालची बायको दारातच पिशवी घेते, आत बोलावत नाही. मुन्नालालचा हात बराचसा परत आला आहे, जाळं फेकण्याइतका नाही. आता तो इतरांची जाळी दुरुस्त करतो.

शैलेंद्रने नोकरी सोडलेली नाही, सोडण्यासारखं वयही नाही. पण टपरीवर कोणी पट्टी पुढे केली की तो त्यावरचं औषधाचं नाव मोठ्याने वाचून दाखवतो आणि म्हणतो, यही नाम देखकर लीजिए, कंपनी कोई भी हो. असं केल्यावर तरी मोकळं वाटतं का, असं मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "परवाच एका डॉक्टरने तिला भाषणाला बोलावलं. मी पूर्ण दिवस जळून राहिलो होतो."

"मग?"

"मग संध्याकाळी दुकानात जाऊन तिला सांगितलं, आज फार जळून राहिलो. ती म्हणाली, अच्छा? मग या इकडे, ही खोकी वर चढवा, माझी कंबर दुखून राहिली."

त्याने सगळी खोकी चढवून दिली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्याला नवा नोकर समजून सर्दीची गोळी मागितली, आणि शैलेंद्रने समिधाला विचारून ती दिली.