काळ्या भिंतीपुढची तगर

कचेरीत फाइली साठतात, तसेच किस्सेही साठतात. फाइलींना निदान वाळवी लागते. किस्से मात्र रिटायर झालं तरी घरी येऊन बसतात आणि चहा मागतात! माझ्याकडचे बरेचसे आमच्या बसवकल्याणच्या बागेतले आहेत.

मी रिटायर झालो त्याच सुमारास माझ्या बायकोची, विमलची नजर गेली. अगदी सगळी नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "रंग कळणार नाहीत. काळं-पांढरं तेवढं दिसेल." तिला दुःख एकाच गोष्टीचं: पूजेची फुलं स्वतः तोडता येणार नाहीत. मी तोडून आणली, तर म्हणाली, "तोडायलात तुम्ही, मग पुण्य मला कामून लागंल?" आणि तिनं पूजाच सोडली.

आमच्या कचेरीतले स्टोअरकीपर अण्णाराव मूळचे मंठाळ गावचे. ऐकून म्हणाले, "त्यात काय! अक्काला काळं-पांढरं दिसतंय न्हवं? मग बागच काळी-पांढरी करू!"

*

एका भिंतीला चुना मारला आणि तिच्यापुढं अण्णारावांनी शेतातून आणलेला काळा धोतरा लावला. पांढऱ्यावर काळी फुलं ठसठशीत दिसू लागली. विमललाच नव्हे, गल्लीलाही! दारात काळा धोतरा म्हणजे करणी, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. साखर, चहापत्ती, इस्त्री मागायला येणं एकदम बंद.

विमल म्हणाली, "अजून एक लावा."

*

गुलबर्ग्याच्या एका नर्सरीवाल्यानं "खास काळा गुलाब" म्हणून रोप दिलं. फूल उमललं ते चक्क गडद लाल! मी भांडायला निघालो. विमलनं फूल डोळ्यांशी धरून पाहिलं. "काळंच तर हाय की."

त्या नर्सरीवाल्याच्या हयातीत न फसलेलं गिऱ्हाईक बहुधा हे एकच.

*

पांढरी रुई लावली. जुन्या पांढऱ्या रुईच्या मुळाशी गणपती तयार होतो, अशी आमच्याकडं श्रद्धा. रुई वर्षाचीही नव्हती, तरी कुणा भाविकाला धीर धरवला नाही. सकाळी पाहतो, तर रुईच्या जागी खड्डा!

अण्णारावांनी नवी रुई आणून लावली आणि शेजारी पाटी ठोकली: "खालचा गणपती आधीच नेलेला आहे."

ती रुई अजून उभी आहे.

*

तेवढ्यात पोराचा पुण्याहून फोन. तिकडं कंपनीत लागल्यापासून त्याला सगळं सोपं वाटायचं. "आई, कशाला एवढा खटाटोप? इकडं ये. इथं फुलं घरपोच मिळतात."

"व्हय का? मग देवालाबी घरपोच न्यायला सांग."

*

आता राहिली दुसरी भिंत. आमच्या कचेरीच्या जीपचे ड्रायव्हर मकबूलभाई यांनी कुठूनसं उरलेलं डांबर आणलं आणि ती काळीकुट्ट करून टाकली. पुढं तगरीची रांग. महिनाभर आम्हा तिघांच्या अंगाला रस्त्याचा वास येत होता. या माणसांचे उपकार मी कुठल्या कागदावर टिपून ठेवणार होतो?

तगर भरभरून फुलली, त्या सकाळी विमल परडी घेऊन उठली. मी मागं निघालो, तर म्हणाली, "तुम्ही बसा." भिंतीशी गेली. एक फूल तोडलं, दुसरं तोडलं. हात चुकत नव्हता. मी पायरीवर बसलेलो.

मकबूलभाई त्याच भिंतीशी खाली वाकून तण उपटत होते. तिचा हात फिरत फिरत त्यांच्या डोक्यावर आला आणि त्यांची पांढरी टोपी अलगद परडीत गेली!

मी ओरडणार, एवढ्यात त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

विमल आत गेली. कितीतरी दिवसांनी देवघरात घंटा वाजली. मी डोकावलो, तर पिंडीभोवती तगर आणि मधोमध टोपी.

"आज एक लई मोठं फूल घावलं," ती आतूनच मोठ्यानं म्हणाली. "कुणी लावलं हो?"

मकबूलभाई खिडकीबाहेर उघड्या डोक्यानं उभे होते.

"ऊपरवाले ने, भाबी."