विमानात बांधलेला पाय

अन्याय झाला तो माझ्या चुलत्यावर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात. हे आधीच लिहून ठेवतो, कारण विमान कंपनीने मला पाठवलेल्या उत्तरात त्याला 'घडलेला प्रकार' म्हटलं आहे. जणू तो आपोआप घडला. तो आपोआप घडला नाही.

तुम्ही म्हणाल, धारूरच्या डोंगरातल्या मेंढपाळाचं विमानात काय काम? आमच्या पारावरही हेच विचारलं गेलं, हसत हसत. काम होतं. आमच्या चराईच्या रानाला तारेचं कुंपण पडत होतं आणि त्यावर दिल्लीत बैठका चालल्या होत्या. पत्रकं मी लिहायचो, पण बोलायला चुलतेच लागायचे, आमचे आबा. तिकिटं बोलावणाऱ्यांनी काढली होती.

आबांचा उजवा गुडघा तरुणपणी गेला. घाटात दरडीवरून घसरले, हाड जुळलं, पण गुडघा पुरता वळायचा राहिला. चालण्यात काही अडत नसे. उन्हातान्हात मेंढरांमागे दिवसभर चालायचे, मी दमायचो, ते नाही. बसताना मात्र तो पाय सरळ सोडावा लागे. म्हणून पंगतीत ते टोकाला बसत आणि जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी. गावाला हे सांगावं लागत नसे. टोकाची जागा आबांची, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही त्याच कंपनीच्या विमानाने एकदा गेलो होतो. जुनी सीट, विटलेलं कापड, हाताच्या दांडीचा रंग उडालेला. पण समोर पाय तिरपा सोडता येत होता. उतरल्यावर आबा म्हणाले, "यष्टीपरीस लई बरी हाय बे ही." गावात कुणी विमानाचं विचारलं की ढगांचं वगैरे काही सांगायचे नाहीत. पाय बसतो, एवढंच सांगायचे.

म्हणून या खेपेला कुणालाच धास्ती नव्हती. तरीही विमानतळावर मी पुढची मोकळी रांग मागितली. काउंटरवरची मुलगी अदबीने म्हणाली, की ती आता जादा दराची आहे आणि भरलेलीही आहे. आबांना कडेची सीट मिळाली. मला मिळाली काही रांगा मागे.

आत शिरलो तर सगळं नवं. निळसर दिवे, नवा वास, पाटासारख्या पातळ सीटा. समोरच्या खिशात गुळगुळीत कार्ड होतं. नवी केबिन, अधिक मोकळेपणा, असं काहीतरी. पत्रकं लिहूनच मी लिहायला शिकलो, त्यामुळे असं छापलेलं दिसलं की आधी कापलंय कुठे ते बघतो. बघायला लांब जावं लागलं नाही. बसलो आणि माझाच गुडघा समोर टेकला, आणि मी काही उंच माणूस नाही. सीटची जाडी काढून त्यांनी जागा मोकळी केली होती, खोटं नाही. पण ती प्रवाशाला दिली नव्हती. तिथे आणखी रांगा बसवल्या होत्या.

आबांनी पाय मधल्या वाटेत सोडला. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय त्याला लागे आणि दर वेळी आबाच वाकून त्याला हात लावत आणि तो हात कपाळाला नेत. पाय लागला की नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. चूक कुणाची ते बघायचं नसतं. मग खाण्याची ढकलगाडी आली, ती नडगीवर आपटली. गाडी ढकलणारी मुलगी म्हणाली, काका, पाय आत घ्या. ती तरी काय करणार, तिलाही त्याच बोळातून जायचं होतं.

आबांनी पाय आत घेतला. तो समोरच्या सीटच्या पाठीत रुतला. समोर एक वयस्कर बाई होत्या.

पुढचं मला नंतर कळलं. मागून मला एवढंच दिसलं की आबांचं डोकं उघडं आहे. आबांना पटक्याशिवाय मी घरातसुद्धा क्वचितच पाहिलं होतं. वाटलं, उकडत असेल. विमान सुटण्याआधी बराच वेळ जागेवरच उभं होतं आणि आत कोंडल्यासारखं झालं होतं.

दिल्लीला सगळे उठले. आबा उठेनात. मी लोकांना रेटत पुढे गेलो. त्यांनी पटक्याचा पिळा करून पोटरीला वेढे दिले होते, पाय मागे ओढला होता आणि टोकं कमरेच्या पट्ट्याला आवळली होती. लोकर कातरताना मेंढराचे पाय बांधतात, तीच गाठ. जो गुडघा वळत नव्हता तो त्यांनी वळवला होता.

"आबा, कावून बांधला पाय?"

"म्होरं बाईमानूस हाय. तिच्या पाठीला गुडघा लागत व्हता. पाया पडावं म्हणलं तर हातबी पोचंना."

मी गाठ सोडली. पाय खाली पडला, ओंडक्यासारखा. त्या बाई वळून बघत होत्या. त्या पुण्याच्याच निघाल्या. मी काय झालं ते सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मला वाटलं सीटच अशी टोचते. अहो, लागू द्यायचा की गुडघा, मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?" आबांनी त्यांना हात जोडले. आता तर हात जोडायला कारणही नव्हतं.

खिडकीकडचा तरुण कानातल्या वायरी गुंडाळत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. म्हणाला, मला वाटलं, या लोकांचा काहीतरी व्यायाम असेल.

संध्याकाळपर्यंत पाय सुजून तकतकीत झाला. दवाखान्यात सांगितलं, शिरेत रक्ताची गाठ आहे. मी डॉक्टरांना थेट विचारलं, सीटमुळे झालं का? ते म्हणाले, जुनी दुखापत, बळंच वाकवलेला गुडघा, आवळलेली पोटरी, सगळं मिळून झालं. मीही तेवढंच लिहितो, जास्त नाही. पण गुडघा का वाकवला आणि पोटरी का आवळली, हे विचारायला डॉक्टर लागत नाही.

बैठक आबांशिवाय झाली. परत रेल्वेने आलो, आडवं निजवून. जीव वाचला. पाय आहे, पण त्यावर चढ चढवत नाही, फर्लांगभर चाललं की फुगतो. मेंढरं आता माझ्या बहिणीचा नवरा नेतो. कळप डोंगराकडे निघाला की आबा ओट्यावर बसून बघतात, पाय बाजेवर सरळ सोडून. टोकाची जागा अजून त्यांना ठेवतात, पण पंगतीला ते येत नाहीत. एकदा मी म्हणालो, आपण कंपनीला सोडायचं नाही. तर म्हणाले, "त्यांनी न्हाई बांधला बे. म्या बांधला."

कंपनीचं उत्तर शब्दाशब्दाला तेच सांगतं. सीटा नियमात आहेत, प्रवाशाने स्वतःहून पाय बांधला, गैरसोयीबद्दल दिलगिरी. चुलता सरळपणाने बोलला, कंपनी त्याच वाक्यामागे लपली. चालायचं बंद झालं तरी तिच्या लेखी ती गैरसोय.

आता मागणी तुमच्याकडे. तिकीट काढण्याआधी विचारा, दोन सीटांमध्ये अंतर किती, आणि उत्तर लेखी घ्या. गुडघा समोर टेकला तर लाजून पाय आवरू नका, बसता येत नाही असं मोठ्याने सांगा. आणि शेजारचा म्हातारा माणूस काही न बोलता आपलं अंग चोरताना दिसला, तर कानातल्या वायरी काढा. डोक्यावर बेलचं बटण असतं. तो दाबणार नाही. तुम्ही दाबा.