मामाजींनी पारखलेली चिनी किटली

पुण्याच्या कंपनीने मुलाला तीन महिने चीनला पाठवलं आणि परत येताना त्याने माझ्यासाठी काय आणावं, तर मातीची किटली! कुंभाराच्या घरात मातीचं भांडं. मी तोंडभर हसले आणि मनात म्हटलं, झालं, घासायला आणखी एक.

तेव्हा मी फार थकले होते. हे गेल्याला चार वर्षं झाली होती आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याच्याही आधीपासून वर्ध्याला लागून पिपरी मेघेला आमच्याकडेच होते. त्यांचा सारा जन्म नाचणगावला मडकी घडवण्यात गेला. तिथं धाकटे दीर आहेत, पण मामाजींचे डोळे, गुडघे, शुगर, आणि दवाखाना वर्ध्यात, म्हणून ते माझ्या वाट्याला. सकाळी त्यांची आंघोळ, औषधं, पथ्याचा स्वयंपाक. दहाला मी कॉलेजच्या ऑफिसात. सहाला परत येऊन चप्पल काढते न काढते तोच हाक, "बाई, चहा मांडते का?" सुटीच्या दिवशी तर आठ वेळा चहा. त्यांचा राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, आणि त्या दोहोंनी मी जास्तच दमायचे. त्यांनी आता नाचणगावला जावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण सासऱ्याला 'तुम्ही जा' म्हणायचं कसं? ते एक वाक्य मी दोन महिने तोंडात घोळवत होते.

किटली एवढीशी, दोन पेले पाणी मावेल अशी. रंग वाळल्या जांभळाचा, वर ना चकाकी ना नक्षी. मुलाने सांगितलं होतं, हिच्यात फक्त पत्ती आणि गरम पाणी. मी आपली गॅसवर दूध, साखर, आलं घालून उकळलेला चहा तिच्यात ओतून मोकळी झाले. आमच्याकडे किटली असते ती कशाला? दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आंबूस वास. साबणाने धुवायला घेतली, तर मामाजी खाटेवरून ओरडले, "साबण नोको लावू! माती पेते तो. दूध पेली, आता साबणही पाजते का तिले?"

तीस वर्षं कुंभाराची सून, आणि हे मला कळू नये. त्यांनी किटली पाण्यात उकळायला लावली, पाणी बदलून पुन्हा उकळायला लावली. वास गेल्यावर ती मांडीवर घेतली आणि आंगठा आत घालून फिरवत बसले.

"याले चाक नाई लागलं वं बाई," ते म्हणाले. "चाकावरच्या भांड्याले अंदरून वळ्या राहतेत. हे थापून पट्टी केली अन जोडली. पाह्य, दांडीखाली सांधा लागते हाताले."

मला काही लागलं नाही. पण त्यांनी मला चक्क बसवून घेतलं. झाकणाच्या बोंडीला बारीक भोक होतं. त्यावर बोट ठेवून किटली वाकडी केली की पाण्याची धार बंद, बोट काढलं की सुरू. इतकं घट्ट झाकण. "दोन्ही संगच भाजले," ते म्हणाले. "जितकी किटली आटली, तितकंच झाकण आटलं." तोटीच्या मुळाशी आतून सात भोकं होती, पत्ती अडवायला. ती त्यांनी नखाने मोजली. तळाशी कारागिराचा शिक्का होता, त्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. मी पाहत होते, आणि खरं सांगायचं तर भाजीचं विसरून पाहत होते. त्या दिवशी चहासाठी हाक आली नाही.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. स्वयंपाकघराचं दार लोटून मी बोलले, आणि बोलता बोलता रडलेच. "माझ्यानं आता होत नाही रे," म्हटलं. "पण त्यांना सांगू कशी?" बाहेर आले तेव्हा मामाजी किटली पुसत बसले होते.

दोन दिवसांनी सकाळी ते म्हणाले, "बाई, मले नाचणगावले पोचवून दे."

"काऊन मामाजी?" माझ्याही तोंडून तिकडचंच आलं.

"अशी किटली करून पाहीन म्हणतो. चाक फिरवाची ताकद नाई राह्यली, पण हे तर बसल्या जागी थापाचं काम हाय. इथं तुह्या फरशीवर कुठं चिखल करू? तिथं माती हाय, आवा हाय."

आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, त्यांची स्वतःची, घरामागची. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं माझं. मी वरवर "राहा ना" म्हटलं, एकदाच, आणि लगेच त्यांची पिशवी भरायला घेतली. दीर गाडी घेऊन आले. मी किटली कागदात गुंडाळून देऊ लागले, तर मामाजी म्हणाले, "तुह्यापाशीच राहू दे. डोळ्यात बसली माह्या." नमुना सोडून कारागीर चालला, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. मी दुपारी दोन तास झोपले.

पंधरा दिवसांनी जावेला फोन केला. विचारलं, "मामाजींचं काय चाललंय? घडली का एखादी किटली?"

"कायची किटली, ताई?"

"अगं, माती आणली असेल ना त्यांनी? आवा लावणार होते."

"आवा कुठं हाय आता? तो पाडून तिथं खोली नाई का बांधली मागच्या साली! मामाजीलेच तर इचारून पाडला. त्याच खोलीत खाट टाकून देली त्याईले."

मला स्वयंपाकघराचं ते नुसतं लोटलेलं दार आठवलं. मग म्हटलं, त्यांना फोन दे.

"बाई," मामाजी म्हणाले, "आराम भेटून राह्यला न तुले?"

"हो मामाजी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मिळत होता.